पाण्याच्या वेगाला दोष देण्याआधी मिलिसेकंदांचा हिशोब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यासमोरच्या खंडउतारावर, साधारण ८०० ते २,४०० मीटर खोल पाण्यात, ८ किलोमीटर लांबीच्या स्ट्रीमरने (जहाजामागे ओढलेल्या, आवाज टिपणाऱ्या केबलने) घेतलेला थ्री-डी सेस्मिक डेटा आहे, म्हणजे एअरगनचा आवाज समुद्रतळ आणि त्याखालच्या थरांवरून परतायला लागलेल्या वेळांची नोंद. काम ऑक्टोबरमध्ये सुरू झालं आणि एप्रिलपर्यंत चाललं. क्रॉसलाइन सेक्शनवर (लाइनींना आडव्या छेदावर) समुद्रतळ करवतीच्या दातांसारखा दिसतो, टाइम स्लाइसवर (एका ठरावीक वेळेच्या सपाट कापावर) सेल लाइनच्या, म्हणजे जहाजाच्या एका फेरीच्या, दिशेने पट्टे उमटतात आणि शेजारशेजारच्या लाइनींमध्ये ६-७ मिलिसेकंदांची उडी आहे. प्रत्येक लाइनला एकेक स्टॅटिक शिफ्ट (सगळ्या नोंदींना सारखाच वेळेचा सरकाव) दिला तर जवळच्या ऑफसेटवर (एअरगन ते रिसीव्हर या अंतरावर) तळ जुळतो, दूरच्या ऑफसेटवर पुन्हा फाटतो. हा पाण्याच्या बदलत्या ध्वनिवेगाचा परिणाम आहे का, आणि असला तर दुरुस्ती कशी करावी?

पाण्याचा परिणाम त्यात नक्की आहे. पण आपल्या या किनाऱ्यासमोर एकटं पाणी ६-७ मिलिसेकंद देत नाही. म्हणून दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी कोणत्या कारणातून किती वेळ येऊ शकतो, हे कागदावर मांडा. हे न करता सगळी उडी ‘वॉटर व्हेलॉसिटी’च्या खात्यात टाकली की तळ सपाट दिसतो, सगळे खूश होतात, आणि खालचे थर चुकीच्या जागी जातात.

आधी पाणी. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग तापमान, क्षारता आणि दाब या तिघांवर ठरतो, आणि वरच्या थरांत तापमानाचं वजन सर्वांत जास्त. पाणी २८ अंशांवर असेल तर एका अंशाला साधारण २.२ मीटर प्रति सेकंद फरक पडतो, १३ अंशांच्या आसपास ३.३, आणि ५ अंशांवर जवळपास ४. दाबामुळे दर १०० मीटरला सुमारे १.६ ते १.७ मीटर प्रति सेकंद वाढ होते. उन्हाळ्यात आपल्या समुद्राचा पृष्ठभाग २९ अंशांवर असतो तेव्हा तिथला वेग १,५४४ च्या आसपास येतो. तिथून खाली तापमान घसरतं तसा वेगही घसरतो. अरबी समुद्रात तो १,७००-१,८०० मीटर खोलीच्या सुमारास सर्वांत कमी होतो, १,५०० च्या जरासा खाली. त्यानंतर दाबामुळे पुन्हा चढू लागतो. या खालच्या भागात ऋतूनुसार फारसं काही बदलत नाही. बदलतो तो वरचा भाग.

क्षारतेच्या मागे फार धावू नका. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं गोडं पाणी समुद्रावर पसरतं, तेव्हा क्षारता पाचने कमी झाली तरी वेग साधारण ५ मीटर प्रति सेकंदानेच उतरतो, आणि तो थर जेमतेम १० मीटर जाडीचा असतो. दुहेरी प्रवासात त्याचा परिणाम मिलिसेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका. इमेजिंगच्या दृष्टीने शून्य.

तापमानाची गोष्ट वेगळी. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड पाणी शेल्फवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर, चढून येतं. कांदोळीसमोर एनआयओचं, म्हणजे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं, जुनं निरीक्षण-ठिकाण आहे. तिथे पावसाळ्याच्या अखेरीस पृष्ठभाग कोमट असताना तीसेक मीटर खाली तळाशी पाणी २२ अंशांच्या आसपास उतरलेलं असतं. २८ आणि २२ या दोन अंशांमध्ये वेगाचा फरक १४ मीटर प्रति सेकंद. नोव्हेंबरनंतर प्रवाह उलटतो, उत्तरेकडे वाहू लागतो, आणि थर्मोक्लाइन, म्हणजे तापमान झपाट्याने उतरतं तो थर, खाली दबते. आता आपलं कॅलेंडर पाहा. पावसाळ्यात स्ट्रीमर ओढणं शक्य नसतं, म्हणून पश्चिम किनाऱ्यावरचा सेस्मिक हंगाम ऑक्टोबर ते मे. म्हणजे सर्वेक्षण सुरू होतं थंड पाणी अजून वर असताना, आणि मधल्या महिन्यांत तोच थर खाली गेलेला असतो. हा बदल हवामानाचा अपघात नाही, तो दरवर्षीचा आहे. त्यामुळे ऑक्टोबरची लाइन जानेवारीच्या लाइनीशेजारी बसली की फरक दिसणारच.

पण किती? समजा थर्मोक्लाइन ८० मीटरने खाली गेली आणि तेवढ्या जाडीत तापमान ७ अंशांनी वाढलं. वेगातला फरक साधारण १६ मीटर प्रति सेकंद. सरळ खाली-वर जाणाऱ्या किरणासाठी हा जवळपास १.१ मिलिसेकंदाचा बदल झाला. पूर्ण २,००० मीटरच्या स्तंभावर पसरवला तर सरासरी वेगात ०.६ मीटर प्रति सेकंद. त्यात भोवरे आणि लक्षद्वीपच्या बाजूने येणारे हिवाळी उंचवटे धरले तरी फार तर दुप्पट. शेल्फच्या कडेला अंतर्गत भरती-ओहोटीच्या लाटा थर्मोक्लाइनला वीसेक मीटर वरखाली हलवतात, त्यांचा वाटा ०.३ मिलिसेकंद. मेक्सिकोच्या आखातात लूप करंट हा मोठा उबदार प्रवाह एका कडेने गेला की शेकडो मीटर जाडीचं पाणी बदलतं आणि तिथल्या दुरुस्त्या खूप मोठ्या असतात. सरासरी वेग ३ मीटर प्रति सेकंदाने हलवायचा तर वरच्या ५०० मीटरच्या संपूर्ण थराचं तापमान साडेतीन-चार अंशांनी बदलावं लागतं. गोव्यासमोर ते होत नाही. सॉल्व्हरने (वेग काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) लाइन-टू-लाइन दीड मीटर प्रति सेकंदाहून मोठी उडी सांगितली की मी तिथे थांबतो आणि दुसरं कारण शोधतो.

मग उरलेले ४-५ मिलिसेकंद कुठून येतात? पहिलं, भरती-ओहोटी. मुरगावला उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे २ मीटरने वरखाली होतं, आणि २ मीटर म्हणजे २.६ मिलिसेकंद. खोल पाण्यातली भरती बंदरातल्या तक्त्यासारखी नसते, म्हणून मुरगावचा तक्ता थेट वापरू नये. भरतीचं मॉडेल किंवा जहाजावरच्या जीएनएसएसने (उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणेने) मोजलेली उंची घ्यावी. दुसरं, एअरगन आणि स्ट्रीमरची खोली. एका मीटरचा फरक म्हणजे ०.६५ मिलिसेकंद, आणि खवळलेल्या समुद्रात केबल मुद्दाम खाली घेतलेली असते. तिसरं, वेळेची नोंद: ट्रिगर, रेकॉर्डिंग सिस्टिमचा विलंब, गन कंट्रोलरमधली सेटिंग. चौथं, पोझिशन.

यातल्या तिसऱ्याबद्दल मला विशेष सांगायचं आहे. एका सर्वेक्षणात हंगामाच्या मध्यावर जहाजावरचं एक उपकरण बदललं गेलं आणि त्यानंतरच्या सगळ्या लाइनी एकसारख्या सरकल्या. प्रोसेसिंग करणाऱ्यांनी तो फरक पाण्याच्या वेगात घातला, कारण तारखांचा मेळ ऋतुबदलाशी बसत होता. तळ जुळला. वर्षभराने खोलीचं मायग्रेशन (परावर्तनं त्यांच्या खऱ्या जागी नेण्याची प्रक्रिया) करताना, पाणी बाजूला ठेवून नुसत्या वेळेच्या नोंदी पाहिल्या तेव्हा खरं कारण सापडलं. तोवर त्या वेगांवर मॉडेल बांधून झालं होतं. ऑब्झर्व्हर लॉग (जहाजावरची रोजच्या कामाची नोंदवही) वाचायला एक दुपार पुरते, आणि त्या दुपारीने हे सगळं टळलं असतं.

ही कारणं ओळखायची कशी? कोनावरून, म्हणजे किरण उभ्या रेषेपासून किती तिरपा आहे यावरून. पाण्याचा वेग बदलला तर तिरप्या किरणाला बदललेल्या थरातून जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून वेळेतला फरक कोनाच्या कोसाइनने भागल्यासारखा वाढतो. भरती किंवा केबलच्या खोलीचा फरक उलट वागतो: तो कोसाइनने गुणला जातो, म्हणजे दूरच्या ऑफसेटवर कमी होतो. वेळेच्या नोंदीची चूक सर्व कोनांना सारखी असते. समुद्रतळाचे पिक (परतीच्या वेळेच्या खुणा) घ्या, शेजारच्या लाइनीतला फरक कोनाविरुद्ध आखा, आणि रेषा कुठे वळते ते पाहा. एवढ्या एका आलेखाने निम्मा वाद मिटतो.

आता तुमच्याच निरीक्षणाकडे परत येऊ. स्टॅटिक शिफ्टने जवळचा ऑफसेट जुळला आणि दूरचा जुळला नाही, म्हणजे नुसती वेळेची चूक नाही हे तिथेच ठरलं. पुढे पाहायचं ते उरलेल्या फरकाचं चिन्ह. दूरच्या ऑफसेटवर त्याच दिशेने आणखी सरकवावं लागत असेल तर पाण्याचा वेग संशयित. दिलेला शिफ्ट अर्धाअधिक परत काढून घ्यावा लागत असेल तर भरती किंवा खोली. एक सावधगिरी मात्र ठेवा. स्ट्रीमरच्या ऑफसेटमध्ये ५ मीटरची चूक असेल तर ६० अंशांच्या कोनावर ती जवळपास ३ मिलिसेकंद देते आणि जवळच्या ट्रेसवर (एका रिसीव्हरच्या नोंदीवर) काहीच देत नाही, त्यामुळे ती वेगाच्या चुकीसारखी दिसते. इथे थेट येणारी लाट कामाला येते. तिच्यावरून ऑफसेट तपासा. तिच्यावरून पाण्याचा सरासरी वेग मात्र काढू नका. ती वरच्या काही मीटरांतूनच जाते, थर्मोक्लाइनची तिला खबर नसते. या दोन उपयोगांची गल्लत मी वारंवार पाहिली आहे.

स्टॅटिक शिफ्ट अपुरा का, याचे आकडे पाहा. २,००० मीटर पाणी आणि ८ किलोमीटर ऑफसेट धरला तर समुद्रतळावर परतणारा किरण ६३ अंशांवर असतो. जवळच्या ट्रेसवर पाण्यामुळे १.१ मिलिसेकंद फरक असेल तर तिथे तो २.४ होतो. पण त्याच ऑफसेटवर ४ किलोमीटर खालचा परावर्तक (आवाज परतवणारा थर) घ्या. त्याचा किरण पाण्यातून बराच उभा जातो, समजा २५ अंशांवर, आणि त्याला लागणारी दुरुस्ती १.२ मिलिसेकंदच असते. एकाच ट्रेसवर, एकाच ऑफसेटला, दोन परावर्तनांना दोन वेगळ्या दुरुस्त्या. म्हणून समुद्रतळाच्या मूव्हआउटवरून (ऑफसेटबरोबर वाढत जाणाऱ्या वेळेवरून) काढलेला ऑफसेटनुसार बदलणारा शिफ्ट सरसकट ट्रेसला लावला तर खोलचे थर जास्त सरकतात. मोजलेल्या वेगाने एनएमओ (ही वाढ काढून टाकणारी दुरुस्ती) करून संदर्भ वेगाने उलट एनएमओ करण्याची जुनी पद्धत तळासाठी ठीक आहे, खोल लक्ष्यासाठी नाही.

माझी पसंती टाऊ-पी डोमेनला, म्हणजे नोंदी किरणाच्या तिरपेपणानुसार वेगळ्या करून मांडण्याला, आहे. तिथे प्रत्येक घटना तिच्या किरण-परिमाणानुसार वेगळी होते, आणि पाण्याच्या थराचा उशीर फक्त त्या परिमाणावर अवलंबून असतो. परावर्तक वर आहे की खाली, याने फरक पडत नाही. थर आडवे धरले तर ही दुरुस्ती अचूक आहे, आणि पाण्याचे थर जवळजवळ आडवेच असतात. शॉट गॅदर (एका शॉटच्या सगळ्या नोंदी) टाऊ-पीमध्ये न्या, खऱ्या आणि संदर्भ वेगाच्या उभ्या संथतेतला (उभ्या दिशेने दर मीटरला लागणाऱ्या वेळेतला) फरक थराच्या जाडीच्या दुपटीने, म्हणजे जाण्या-येण्याच्या अंतराने, गुणून तेवढा शिफ्ट द्या, परत आणा. भरती आणि खोलीची दुरुस्तीही तिथेच, त्याच्या स्वतःच्या कोसाइनसह करा. वेव्ह-इक्वेशनने पूर्ण पाणीथर बदलण्याचा मार्गही आहे, पण एक-दीड मिलिसेकंदासाठी त्याचा खर्च मला पटत नाही.

आता वेग काढायचा कसा. आपल्या उतारावर इथेच सर्वांत मोठी फसगत होते. समुद्रतळाच्या हायपरबोलावरून (ऑफसेट आणि वेळ यांच्या वक्रावरून) वेग पिक केला तर तळाचा उतार त्यात मिसळतो. ५ अंशांच्या उतारावर, उताराच्या दिशेने घेतलेल्या लाइनीत, वेग ५.७ मीटर प्रति सेकंदाने जास्त दिसतो. ऋतूमुळे होणाऱ्या खऱ्या बदलाच्या हा जवळपास दहापट आहे! २ अंशांच्या उतारावरही ०.९ येतो. गोव्यासमोर तळ पश्चिमेला उतरत जातो आणि मध्येच दऱ्या, कडे आहेत, तेव्हा लाइनीची दिशा, उताराची दिशा आणि फेदरिंग (प्रवाहाने केबल बाजूला वळणं) यांनुसार हा आकडा बदलत राहतो. म्हणून नुसता हायपरबोला बसवू नका. सगळ्या लाइनींना समान असा एकच समुद्रतळाचा पृष्ठभाग अज्ञात म्हणून घ्या, प्रत्येक लाइनीचं पाणी वेगळं अज्ञात, भरती ज्ञात, वेळेची चूक जहाजाच्या प्रत्येक टप्प्याला एक. प्रत्येक शॉट-रिसीव्हर जोडीसाठी त्या पृष्ठभागावर किरण टाका आणि सगळं एकत्र सोडवा. तळ ऑक्टोबर ते एप्रिल हलत नाही, हीच यातली भक्कम गोष्ट. लाइनी जिथे एकमेकींवर चढतात तिथे हे समीकरण घट्ट होतं, आणि अशी ठिकाणं पुरेशी नसतील तर कोणतीही हुशारी ती उणीव भरून काढत नाही. पिक ४०-४५ अंशांच्या आत ठेवा. त्यापुढे तळाच्या परावर्तनाचा आकार बदलू लागतो आणि पिक सरकतो.

पाण्याचं परिमाण काय निवडायचं, यावर माझं मत ठाम आहे. प्रत्येक लाइनीला पूर्ण स्तंभाचा एक सरासरी वेग देऊ नका. बदल वरच्या दोनेकशे मीटरमध्ये आहे. सरासरी वेग बदलला की दुरुस्ती खोलीबरोबर वाढते: ८०० मीटरवर जेवढी, त्याच्या तिप्पट २,४०० मीटरवर. प्रत्यक्षात दोन्हीकडे ती सारखीच असायला हवी, कारण दोन्हीकडे वरचा तोच थर बदललेला आहे. सपाट तळावर हा फरक कळत नाही. उतारावर एका टोकाला पट्टे जातात आणि दुसऱ्या टोकाला नवे उमटतात. म्हणून ५००-६०० मीटरखालचा वेग एकाच प्रोफाइलवर बांधून ठेवा आणि वरच्या भागासाठी एकच परिमाण मोकळं सोडा: थर्मोक्लाइन किती वर किंवा खाली. सॉल्व्हरचं उत्तर मग मीटरमध्ये येतं, आणि ते मोजमापांशी ताडून पाहता येतं.

मोजमापं आहेत. जहाजावर टीएस डिप किंवा सीटीडी (पाण्यात उपकरण सोडून तापमान आणि क्षारतेचं मोजमाप) घेतलेले असतात, पण बहुधा आठवड्यातून एखादाच. एक्सबीटी, म्हणजे पडता पडता तापमान नोंदवणारं टाकाऊ उपकरण, चालत्या जहाजावरून टाकता येतो. टी-७ प्रकार ७६० मीटरपर्यंत जातो आणि टी-५ प्रकार १,८३० मीटरपर्यंत. टी-५ साठी जहाजाचा वेग ६ नॉटच्या आत लागतो, आणि सेस्मिक जहाज तसंही साडेचार-पाच नॉटच्या घरातच असतं. मात्र एक्सबीटी खोली मोजत नाही, पडण्याच्या वेळेवरून ती गणिताने काढतो, आणि क्षारता तर मोजतच नाही. थर्मोक्लाइन कुठे आहे यासाठी तो उत्तम, निरपेक्ष वेगासाठी सीटीडी. खालच्या भागासाठी आर्गो फ्लोट (समुद्रात आपोआप वरखाली होत मोजमाप घेणारी उपकरणं) घ्या: दर दहा दिवसांनी २,००० मीटरपासून वरपर्यंतचं प्रोफाइल मिळतं, आणि भारतातला हा डेटा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेकडे मोफत मिळतो. उपग्रहावरून मोजलेली समुद्रपातळीही पाहा. पातळी जिथे उंचावली आहे तिथे थर्मोक्लाइन खाली गेलेली असते, त्यामुळे भोवरा तुमच्या ब्लॉकवरून कधी गेला हे तारखेसह कळतं. वेग काढताना सूत्र एकच ठेवा. चेन-मिलेरो आणि डेल ग्रोसो या ध्वनिवेगाच्या दोन सूत्रांत खोल पाण्यात अर्ध्या मीटर प्रति सेकंदाच्या आसपास फरक पडतो. निम्म्या लाइनी एका सूत्राने आणि निम्म्या दुसऱ्याने केल्या तर तुम्ही स्वतःच एक ऋतुबदल तयार कराल.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. गोव्यात किनारी प्रवाहांवर आयुष्य घातलेली माणसं दोना पावलाला बसतात, आणि सेस्मिकचं काम करणारे आपण त्यांच्यापासून काही किलोमीटरवर. तरी आपण त्यांना विचारत नाही. ‘नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात १५ अक्षांशावर थर्मोक्लाइन कुठे असेल?’ या प्रश्नाला तिथे मिळणारं उत्तर कोणत्याही स्वयंचलित इन्व्हर्जनपेक्षा (मोजलेल्या वेळांवरून उलट वेग काढण्याच्या गणितापेक्षा) चांगला प्रारंभबिंदू देतं.

आता मल्टिपलबद्दल, म्हणजे तळ आणि पृष्ठभाग यांच्यात पुन्हा पुन्हा परतणाऱ्या लाटांबद्दल. पृष्ठभागावरून परतलेला पहिला मल्टिपल पाण्यातून दोनदा जातो, म्हणून त्यात पाण्याचा उशीर दुप्पट असतो. दुरुस्ती मात्र प्राथमिक परावर्तनाच्या हिशोबाने एकदाच लागते. थ्री-डी एसआरएमई (डेटावरूनच मल्टिपल ओळखून काढण्याची पद्धत) वेगवेगळ्या तारखांच्या लाइनींमधले ट्रेस एकत्र करून मल्टिपलचा अंदाज बांधतं, त्यामुळे दुरुस्ती न केलेल्या डेटावर अंदाज विस्कळीत येतो. दुरुस्त डेटावर अंदाज नीटस येतो, पण डेटातल्या मल्टिपलशी तो एका उशिराइतका जुळत नाही. मी दुरुस्त डेटावर अंदाज बांधतो, मग तो त्या त्या लाइनीच्या उशिराइतका परत हलवतो आणि त्यानंतर ॲडॅप्टिव्ह (अंदाज डेटाशी जुळवून घेणारी) वजाबाकी करतो. आपल्याकडे उशीर मिलिसेकंदाच्या आसपास असल्याने वजाबाकीचा फिल्टर तो बहुधा स्वतःच पचवतो, पण उच्च वारंवारतेत अवशेष राहतात. तिथे ही जादा पायरी उपयोगी पडते.

फोर-डीसाठी, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा घेतलेल्या सर्वेक्षणाशी तुलना करताना, वरचे सगळे छोटे आकडे मोठे होतात. तेलसाठ्यातला बदल स्वतःच मिलिसेकंदाच्या आसपास असू शकतो, मग अंतर्गत लाटांचे ०.३ मिलिसेकंदही सोडता येत नाहीत. साठ किलोमीटरची एक सेल लाइन घ्यायला सातेक तास लागतात आणि अंतर्गत भरतीचं चक्र साडेबारा तासांचं, म्हणजे लाइन सुरू असतानाच पाणी बदलतं. तेव्हा लाइनीला एक परिमाण पुरत नाही, ते शॉटच्या वेळेनुसार बदलू द्यावं लागतं. तुमच्या सध्याच्या कामात याची गरज नाही.

तुमच्या डेटात मी सर्वांत आधी इनफिल लाइनी बाजूला काढेन. ट्रॉलर आणि पर्ससीन बोटींमुळे सुटलेल्या जागा महिन्या-दोन महिन्यांनी भरलेल्या असतात, आणि शेजारच्या लाइनीशी सर्वांत मोठा तारखेचा फरक त्यांचाच असतो. त्या वगळून मूळ लाइनींवर इन्व्हर्जन चालवा, तळाचा पृष्ठभाग पक्का करा, आणि मग त्या पृष्ठभागावर प्रत्येक इनफिल लाइनीचं पाणी स्वतंत्र काढा. तिचं उत्तर त्या महिन्याच्या आर्गो प्रोफाइलशी १०-१५ मीटरच्या आत जुळलं तर इन्व्हर्जन बरोबर चाललं आहे. जुळलं नाही तर त्या लाइनीचा ऑब्झर्व्हर लॉग उघडा आणि त्या दिवशीची केबलची खोली, ट्रिगरची नोंद आणि भरतीची वेळ पाहा.